प्लॅस्टिकमागचे थेंब

“आज रंग लागलाच पाहिजे,” म्हणत भाऊजींनी डबा माझ्या पायाशी आदळला. “उद्या दुपारी तुझ्या ताईला घरी सोडतायत.”

“भिंत ओली आहे, भाऊजी.”

“कुठे ओली? हात लावून बघ! चार दिवस दारं-खिडक्या लावून हीटर चालवलाय मी.”

झालं कल्याण! बंद खोलीत हीटर लावला की वरचा पापुद्रा तेवढा सुकतो. आतली ओल जाणार कुठे? तीस वर्षं भिंती रंगवतोय मी, पण घरच्या माणसांना आपलं कधी पटतं का?

माझी ताई न्यूमोनियाने दवाखान्यात होती. भाऊजी तिच्यापाशी असताना इकडे पाइप फुटला आणि दोन दिवस घरात घोटाभर पाणी साचलं, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. ओल्या भिंतीवर रंग चढवला की महिन्याभरात बुरशी धरते, आणि ताईचं उसं नेमकं त्याच भिंतीला. तिची छाती आता कुठे मोकळी होत होती. मला भीती वाटत होती, सरळच सांगतो.

मी खिडक्या सताड उघडल्या, कपाट भिंतीपासून ओढलं, पंखा लावला. मग उशाकडच्या भिंतीवर वीतभर प्लॅस्टिक धरून चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या.

“उद्या सकाळी आतून थेंब दिसले तर रंग नाही. नाही दिसले, तर तुम्ही म्हणाल तो रंग.”

“बघच तू!” भाऊजी म्हणाले.

सकाळी बघतो तर प्लॅस्टिक ठणठणीत कोरडं. भाऊजींनी ब्रश माझ्या हातात दिलासुद्धा. मी पट्टी काढायला नख लावलं आणि थांबलो. पट्टीचं टोक मी नेहमी दुमडून ठेवतो, नंतर पटकन निघावी म्हणून. खालच्या पट्टीचं टोक सपाट चिकटवलेलं होतं.

“पट्टी उचलून थेंब पुसलेत ना?”

भाऊजींनी ब्रश माझ्या हातातून परत घेतला आणि डब्यावर ठेवला.

“अहो, तिला श्वास घ्यायचाय या खोलीत!” मी ओरडलोच. एवढ्या वर्षांत त्यांच्यावर पहिल्यांदा आवाज चढवला.

ते पलंगाच्या कडेवर बसले. “पाइपबिइप काही फुटला नाही रे. पाणी गेलं होतं. नळ उघडा ठेवून मी तिच्याकडे धावलो. सिंक तुंबलेलं, तेही लक्षात नाही. आणि रोज तिला सांगतोय, घर अगदी आहे तसं आहे. आता कोणत्या तोंडाने सांगू?”

“याच. दुसरं आहे का तुमच्याकडे?”

दवाखान्यात त्यांनी सांगितलं, माझ्यासमोरच. ताई उशीला टेकून उठून बसली. मग म्हणाली, “आणि मी गॅस बंद केला की नाही, ते मात्र तुम्ही जिन्यावरून परत येऊन बघायचात!”

ती माझ्याकडे राहायला आली. भाऊजी घरीच राहिले. रोज उजाडलं की खिडक्या उघडायचे, संध्याकाळी नवं प्लॅस्टिक लावायचे आणि सकाळी मला फोन करायचे, “आहेत रे, थेंब आहेत अजून.” ताई बाजूला बसून ऐकायची. फोन मात्र घ्यायची नाही.

तेविसाव्या सकाळी त्यांचा फोन आला.

“आज कोरडं दिसतंय,” ते म्हणाले. “पण मी हात लावलेला नाही. तू येऊन बघ. आणि ती येत असेल तर तिलाही घेऊन ये. पट्टी तिलाच काढू दे.”

ताई उठली आणि चपला शोधायला लागली.