कंसातला गोंधळ

सभागृहात बोलायला पावणेदोनशे माणसं निवडून येतात आणि ऐकायला असतात फक्त सहा. त्या सहांतला मी एक. अध्यक्षांच्या खुर्चीच्या पायथ्याशी आमचं टेबल आहे. दर दहा मिनिटांनी तिथून एक लघुलेखक उठतो आणि दुसरा बसतो. दहा मिनिटं ऐकायचं, वहीत भराभर रेघोट्या ओढायच्या, मग वरच्या मजल्यावर जाऊन तासाभरात ते टाइप करून द्यायचं. पानाच्या तळाशी छापील ओळ असते, 'ऐकले तसे लिहिले', आणि तिच्याखाली आमची सही. मी ती सही एकोणतीस वर्षं केली. कचेरीत मला कानसेन म्हणायचे आणि मी मान ताठ करून चालायचो.

आमच्या कामाचे दोन नियम आहेत. बोलणाऱ्याच्या माइकचा लाल दिवा लागला असेल तर त्याचं बोलणं नोंदीत जातं. दिवा बंद असेल तर माणूस बेंबीच्या देठापासून ओरडला तरी तो बोललाच नाही. दिव्याचं बटण कुणाच्या हातात असतं, हे विचारायचं नाही. दुसरा नियम असा, की सगळे एकदम ओरडायला लागले आणि काहीच कळेना झालं, की कंसात 'गोंधळ' लिहून पुढे जायचं. सात कळा दाबल्या की काम झालं: कंस, मग पाच, मग कंस. आळशी लघुलेखकाचं अख्खं आयुष्य या सात कळांवर निघतं. मी नवख्यांना दम द्यायचो, "गोंधळ लिहिलंस म्हणजे तुला ऐकू आलं नाही, अशी कबुली दिलीस. आणि ऐकू येत नसेल तर घरी बस."

माझी बायको शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. पोरं तिला बाई म्हणतात, शेजारी बाई म्हणतात, आणि मीही तिला घरात बाईच म्हणतो. 'लोकशाही शासनाचे मुख्य घटक' हा तिचा लाडका धडा. जेवायला बसलं की ती मला पुन्हा शिकवायची. करंगळी म्हणजे निवडणूक, तिच्याशेजारी विरोधी पक्ष, मधलं बोट कायदा, मग न्यायालय.

"आणि अंगठा?" मी मुद्दाम विचारायचो.

"अंगठा पुस्तकात नाही, माझ्या पदरचा आहे. अंगठा म्हणजे नोंद. सरकारनं काय केलं ते लोकांना कळायला नको? अंगठ्याशिवाय चार बोटांनी तांब्या तरी उचलून दाखवा."

"म्हणजे आमचं खातं."

"तुमचंच. उगीच नाही तुम्हाला इतकी वर्षं जेवायला घालत."

त्या दिवशी ती वर्गातली पंचवीस मुलं घेऊन सभागृह दाखवायला आली होती. प्रेक्षक सज्जात पहिल्या रांगेत, माझ्या डोक्याच्या बरोबर वर बसली होती. खाली एक विधेयक चाललं होतं. कुणालाही, कारण न सांगता, न्यायाधीशापुढे उभं न करता, सहा महिने कोंडून ठेवायचा अधिकार अधिकाऱ्याला द्यायचा होता. म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोही कायदेशीर. अकरा पानांच्या विधेयकावर नऊ मिनिटं चर्चा झाली.

दुपारचं जेवण नुकतंच उरकलं होतं. सरकारी बाकं अर्धीअधिक रिकामी होती, कारण मंत्र्यांकडे मेजवानी होती. मला माणसं मोजायची खोड आहे. सरकारचे तेहेतीस होते, विरोधातले एक्केचाळीस.

विरोधातल्या एका म्हाताऱ्या सदस्याला आम्ही पिशवीवाले म्हणायचो. नियमांचं पुस्तक कापडी पिशवीत घालून ते रोज यायचे आणि रोज कुणी ना कुणी त्यांची टर उडवायचं. अध्यक्षांनी विचारलं, होय म्हणणारे किती, नाही म्हणणारे किती. दोन्हीकडून ओरडा झाला. पिशवीवाले उठले.

"अध्यक्ष महोदय, मी मतविभागणी मागतो!"

एका जरी सदस्यानं मतविभागणी मागितली तरी घंटा वाजवावीच लागते. दोन मिनिटांनी दारं बंद होतात आणि आत असतील त्यांची डोकी मोजली जातात. मेजवानीला गेलेल्यांना परत यायला पंधरा मिनिटं तरी लागली असती. विधेयक तिथंच पडलं असतं.

पिशवीवाल्यांचा दिवा लागला नाही. त्यांनी दुसऱ्यांदा मागणी केली, तिसऱ्यांदा केली. अध्यक्ष छताकडे बघत होते. "होय म्हणणाऱ्यांचा आवाज जास्त आहे. विधेयक मंजूर."

ते माझ्यापासून चार पावलांवर उभे होते. मला तिन्ही वेळा स्वच्छ ऐकू आलं आणि मी तिन्ही वेळा लिहिलं. मान वर केली तर बाई कठड्यावरून वाकून माझ्याकडे बघत होती. तिनं हळूच अंगठा वर केला. आता तुमचं खातं, असं तिला म्हणायचं होतं.

मी वर जाऊन सगळं टाइप केलं. पान दोनशे चौदा. वीस मिनिटांत सचिवसाहेब ते पान हातात घेऊन स्वतः माझ्या टेबलाशी आले. एरवी ते शिपायाला पाठवतात.

"माइक बंद होता ना?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब. पण मागणी झाली. मी ऐकली."

"तुमचे कान चांगलेच आहेत हो, कोण नाही म्हणतंय? पण नियम तुम्हीच पोरांना शिकवता. दिवा बंद, तर शब्द बंद."

ते समोरची खुर्ची ओढून बसले आणि आवाजात मध घालून म्हणाले, "मॅडम आज आल्या होत्या वाटतं सज्जात. मुलांना घेऊन. अजून शिकवतात का? नागरिकशास्त्रच ना? सांभाळून शिकवा म्हणावं. दिवस बरे नाहीत."

एवढंच. ना धमकी, ना आवाज चढवणं. ते पान टेबलावर ठेवून ते निघून गेले. मी तीन ओळी खोडल्या आणि कंसात 'गोंधळ' लिहिलं. सात कळा. मग सही केली. बाईला वाचवण्यासाठी केली, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज सांगतो, मला भीती वाटली होती, आणि भ्यालेल्या माणसाला कारण सापडायला वेळ लागत नाही.

आठवड्यानं कार्यवृत्त छापून आलं. बाईनं शाळेच्या ग्रंथालयातून ते घरी आणलं आणि पान दोनशे चौदा माझ्यापुढे उघडून धरलं.

"अहो, हे काय? गोंधळ कसला? आम्ही सगळ्यांनी ऐकलं. कुणाची पाळी होती ही?"

खरं बोलायला तेवढा एकच क्षण होता, तो मी घालवला. "माझी संपली होती," मी म्हणालो. "पाळी बदलताना आम्ही दोघंही टेबलाशी असतो. ती पुढच्याची असेल."

"तरीच! तुम्ही असतात तर असं झालंच नसतं."

तिनं त्याच संध्याकाळी अध्यक्षांच्या कार्यालयाला पत्र लिहायला घेतलं. नोंद चुकीची आहे, मी आणि माझे पंचवीस विद्यार्थी साक्षीदार आहोत, त्या दहा मिनिटांच्या लघुलेखकाला बोलावून विचारा. मी म्हणालो, "जाऊ दे गं बाई, कशाला हात दाखवून अवलक्षण?" ती म्हणाली, "मुलांना मी सांगून बसलेय, की नोंदीत बघा. आता त्यांना काय तोंड दाखवू?" तिला थांबवायचं तर मला कबूल करावं लागलं असतं. मी पाकिटाला तिकीट चिकटवून दिलं. तेवढी मदत केली मी.

बाराव्या दिवशी, तिसऱ्या आणि चौथ्या तासाच्या मध्ये, शिक्षकांच्या खोलीतून दोन माणसं तिला घेऊन गेली. कारण सांगितलं नाही. नव्या कायद्यात सांगावं लागत नाही. तिचा डबा शाळेच्या शिपायानं मला आणून दिला. त्यानं तो धुऊन आणला होता. ते बघून मी दारातच रडलो.

बाईची एक जुनी विद्यार्थिनी वकील झाली आहे. ती आपणहून आली. तिनं मला सोपं करून सांगितलं. कायदा चांगला की वाईट, यात न्यायालय पडणार नाही. पण सभागृहानं स्वतःचा नियम मोडून तो मंजूर केला असेल, तर कायदाच रद्द होतो आणि बाई सुटतात. "फक्त मागणी झाली होती याचा पुरावा हवा. सज्जातल्यांचं ऐकत नाहीत, पिशवीवाल्यांचं तर मुळीच नाही. तो लघुलेखक सापडला पाहिजे, सर. तुम्ही ओळखत असाल ना?"

"बघतो," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात भेटीची परवानगी मिळाली. मध्ये जाळी, पलीकडे बाई. पंधरा दिवसांत तिचे गाल बसले होते आणि चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधली होती. मी काही बोलायच्या आत तिनंच सुरुवात केली.

"त्या माणसाला शोधा. आणि ओरडू नका त्याच्यावर. तो वाईट नसेल हो, घाबरला असेल. त्यालाही बायको असेल."

मी जाळीला हात लावला. शिपाई म्हणाला, हात काढा. दहा मिनिटं संपली. माझ्या आयुष्यातली एवढी एकच पाळी, जिच्यात मी एक अक्षर उमटवलं नाही.

बाहेर आलो तो थेट वकिलीणबाईंच्या कचेरीत गेलो आणि सांगून टाकलं. तिनं हातातल्या पेनाचं टोपण लावलं.

"वही आहे?"

"नाही. नोंद मंजूर झाली की वह्या कापायच्या यंत्रात जातात. मीच घातली."

"बाईंना माहीत आहे?"

"नाही."

"साक्ष द्याल? बाईंसमोर?"

"देईन," मी म्हणालो. बैल गेला आणि झोपा केला, हे मलाही कळत होतं. पण झोपा तरी करायला हवा होता.

कायदा रद्द करा, असा अर्ज वकिलीणबाईंनी केला आणि सुनावणी लागली. न्यायालयाची खोली लहान होती. न्यायमूर्तींच्या पायथ्याशी टेबल, टेबलाशी टंकलेखिका. विशीपंचविशीची असेल, बोटं हलकी, पाठ ताठ. आमच्याच धंद्यातली, ओळखीची वाटली. बाईला दोन शिपायांच्या मध्ये बसवलं होतं. मी पिंजऱ्यात गेलो तेव्हा ती जराशी हसली. मी तिच्यासाठी साक्ष द्यायला आलोय एवढंच तिला ठाऊक होतं.

मी सांगितलं. पाळी माझी होती. मागणी झाली, तीन वेळा झाली, मी ऐकली, मी लिहिली, आणि मी खोडली. बोलताना मी बाईकडे बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही.

सरकारी वकील उठले. त्यांनी पान दोनशे चौदा माझ्यापुढे धरलं.

"ही सही कुणाची?"

"माझी."

"तिच्यावर काय छापलंय? वाचा."

"ऐकले तसे लिहिले."

"म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आज बोलताय?"

"तेव्हा."

"एकोणतीस वर्षांत अशा किती सह्या केल्यात?"

"ही एकच."

"असं तुम्ही म्हणता." ते न्यायमूर्तींकडे वळले. "साक्षीदार स्वतःच सांगतोय की त्याची सही खोटी असू शकते. बायको आत आहे म्हणून आज त्याला ऐकू यायला लागलंय. आमच्यापुढे एक अधिकृत कागद आहे, आणि एक नवरा आहे."

कुणीतरी हसलं. न्यायमूर्ती हसले नाहीत. ते थकलेले दिसत होते, आणि मला अजूनही वाटतं की त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि सांगितलं, की सभागृहात काय घडलं याचा निर्णायक पुरावा म्हणजे सभागृहाची नोंद. तीत मागणी नाही. अर्ज फेटाळला. कुंपणच शेत खायला लागलं की राखण कुणाकडे मागायची, हे त्या निकालात नव्हतं.

तेवढ्यात बाई उभी राहिली. शिपायांनी दंडाला धरलं तरी उभी राहिली. शेवटच्या बाकापर्यंत पोचतो त्या, वर्गातल्या आवाजात ती बोलली.

"साहेब, मी तिथं होते. पंचवीस मुलं होती. मागणी झाली होती. आणि हा माणूस आज खरं बोलतोय. तीस वर्षांचा संसार आहे माझा, मला कळतं तो कधी खरं बोलतो ते."

ती माझ्याविषयी बोलत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. दाराबाहेर नेईपर्यंत तिनं एकदाही बघितलं नाही.

टंकलेखिकेची बोटं थांबली होती. तिला सगळं ऐकू आलं होतं, चार पावलांवरच तर होती ती. तिनं मान वर करून न्यायमूर्तींकडे पाहिलं. त्यांनी कागद आवरता आवरता 'नाही' म्हणून मान किंचित हलवली. मग तिनं मान खाली घातली आणि कळा वाजल्या. मी पिंजऱ्यात उभा होतो, मला तिच्या संगणकाचा पडदा दिसत नव्हता. पण मोजायची खोड आहे मला. सात वाजल्या.