डावी बाजू राहिली

परीक्षेच्या दिवशी मी तीनदा दाढी केली असं माझी लेक सगळ्यांना सांगते. खोटं आहे. दोनदाच केली, आणि तीही पहिल्यांदा हनुवटी राहिली म्हणून.

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी योगशिक्षकाची परीक्षा. चाळीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या. अंगाचं पार लाकूड झालेलं. पायाचे अंगठे मी लांबूनच ओळखतो, हात काही तिथवर पोचत नाहीत. पण त्या सकाळी समाजकेंद्राचा जिना मी दोन दोन पायऱ्या टाकत चढलो.

खरं तर या शिक्षणाला नाव माझं नव्हतंच. आमच्या हिचं होतं. या केंद्रात, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, सकाळी सात वाजता योगवर्ग भरतो, तिथे ही नऊ वर्षं जात होती. शिक्षक व्हायचं म्हणून फॉर्म भरला आणि शिक्षण सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी झोपेतच गेली. तिचं नाव काढून टाका हे सांगायला मी केंद्रात गेलो. वर्ग घेणाऱ्या ताई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "काका, नाव मी काढते. पण आलाच आहात तर बूट काढून जरा बसा."

बसलो. घरी जाऊन तरी काय करणार होतो? दुसऱ्या दिवशीही गेलो. मग हिच्या जागी शिक्षकाचं शिक्षणच घ्यायला लागलो, त्याला सहा महिने झाले.

आता ताई दुसऱ्या शहरात निघाल्या होत्या. केंद्राच्या समितीने सांगून टाकलं होतं की प्रमाणपत्र असलेला शिक्षक मिळाला नाही तर सातचा वर्ग बंद, खोली टेबल टेनिसवाल्यांना. त्यांची टेबलं आठवडाभर आधीच व्हरांड्यात येऊन पडली होती. सोबत शिकणारे बाकीचे तिघे नोकरीवाले, सकाळी कोणालाच जमणार नव्हतं. उरलो मी. मी नापास झालो तर हिच्या वर्गातली अठरा माणसं घरी बसणार होती.

एक अडचण मात्र मी कोणाला सांगितली नव्हती. परीक्षेत प्रत्येक आसनाचं नाव स्पष्ट उच्चारावं लागतं, आणि शेवटी सगळ्यांना निजवायचं त्या आसनाचं नाव माझ्या तोंडातून निघत नव्हतं. शवासन. सरावात मी "आता आडवे व्हा" म्हणून वेळ मारून न्यायचो. ताईंच्या लक्षात आलंच.

"काका, परीक्षेत म्हणावं लागेल हं."

"म्हणेन की."

"आत्ता म्हणा बघू."

"आत्ता घसा बसलाय," मी म्हणालो.

परीक्षेला बाहेरून एक बाई आल्या होत्या. ताठ मान, मांडीवर कागद, शेजारी घड्याळ. चाळीस मिनिटं म्हणजे चाळीस, त्यांनी आधीच बजावलं. समोर विद्यार्थी म्हणून हिच्याच वर्गातले सहाजण. पहिल्या रांगेत पोस्टमन, निवृत्त झाले तरी सगळे त्यांना पोस्टमनच म्हणतात, आणि त्यांच्या शेजारी शिवणकाम करणाऱ्या वहिनी. वहिनी हिच्या जिवाभावाच्या. त्यांचा डावा खांदा आखडलाय, वरच्या फळीवरचं कापड काढता येत नाही, म्हणून त्या वर्गाला यायच्या.

"लिफ्टकाका, आज वरच्या मजल्यावर न्या. मध्येच अडकवू नका," पोस्टमन म्हणाले.

"तुमचं वजन बघता दोरच तुटायचा," मी म्हणालो. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत, पण माझा आवाज मोकळा झाला.

आणि काय सांगू, जमलं! मी "श्वास घ्या" म्हणालो की सहा छात्या एकदम वर जात. पोस्टमनांचा तोल जायला लागला तेव्हा आधी विचारून मग कोपराला हात लावला, शिकवलं होतं तसाच. माझे गुडघे वाकत नव्हते, पण त्यांचे बरोबर वाकत होते. अंगात वीज खेळत होती म्हणा ना. मला वाटलं, आत्ता हिने बघायला हवं होतं. तो विचार मी तिथेच थांबवला, कारण अजून काम बाकी होतं.

पस्तिसावं मिनिट. सगळ्यांना बसवून गोमुखासनातले हात घेतले. उजवा हात वरून पाठीमागे, डावा खालून, पोचत नसेल त्याने मध्ये टॉवेल धरायचा. हात सुटले आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमायला लागली, आता तो शब्द येणार. मी म्हणालो, "आता सावकाश पाठीवर या. शवासन."

म्हणालो! खोलीत काहीच झालं नाही. सहाही जण निजले, पोस्टमनांनी सवयीने सुस्कारा सोडला. ताईंनी मागून मला अंगठा दाखवला. मला ओरडावंसं वाटत होतं.

मग माझी नजर वहिनींकडे गेली. बाकीच्यांचे टॉवेल बाजूला पडले होते. वहिनींनी मात्र तो पोटावर घट्ट धरून ठेवला होता. डोळे मिटलेले, पण चेहरा काहीतरी राहून गेलेल्या माणसाचा.

डावी बाजू! डावा हात वर घेतलाच नव्हता. त्या शब्दाच्या नादात मी अर्धं आसन गिळून बसलो होतो.

घड्याळात साडेतीन मिनिटं उरलेली. बाई खाली मान घालून लिहीत होत्या. गप्प राहिलो असतो तर कदाचित खपलं असतं. शवासनातून मध्येच कोणाला उठवायचं नाही, हा तर पहिल्या दिवशीचा नियम. पण वहिनी त्या एका हातासाठी आल्या होत्या. आणि खाली जाऊन वर न येणारी लिफ्ट मी आयुष्यात कधी कोणाच्या ताब्यात दिलेली नाही.

"मंडळी," मी म्हणालो, "माझी चूक झाली. डावी बाजू राहिली. कुशीवर वळून उठा."

"अहो, आत्ताच तर डोळा लागत होता," पोस्टमन कुरकुरले.

"घरी जाऊन लावा. उठा."

उठले. डावा हात वर, उजवा खालून. वहिनींचा हात कानापर्यंत आला आणि थांबला. मी टॉवेलचं टोक त्यांच्या उजव्या हातात दिलं. "ओढू नका. नुसता श्वास सोडा." श्वास सुटला आणि कोपर बोटभर वर सरकलं.

"भावजी, सरकलं बरं का," वहिनी कुजबुजल्या.

पुन्हा शवासन. या वेळी तो शब्द मी इतक्या सहज म्हणालो की माझं मलाच कळलं नाही. संपलं तेव्हा चव्वेचाळीस मिनिटं झाली होती.

बाईंनी मला खुर्चीवर बसवलं. "वेळ पाळली नाही, त्याचे सगळे गुण गेले. शवासन मोडलंत, त्याचेही गेले. अठरा वर्षं परीक्षा घेतेय, निजलेला वर्ग उठवणारा माणूस पहिल्यांदा पाहिला."

मी मान खाली घातली.

"डावी बाजू राहिली तेव्हाच मी इथे फुली मारली होती. ती तशीच राहिली असती तर निकाल तिथेच लागला होता." त्यांनी कागद वळवला. फुली खोडलेली होती. "पास व्हायला साठ लागतात. तुमचे एकसष्ट झाले. घड्याळ घ्या एक, मोठ्या काट्यांचं."

पुढचं मला नीट आठवत नाही. पोस्टमनांनी पाठीत गुद्दा घातला, ताई रडत होत्या आणि वहिनी डावा हात वर करकरून सगळ्यांना दाखवत होत्या. बाहेर जाऊन मी लेकीला फोन लावला.

"बाबा, काय झालं? पास?"

"काठावर."

"काठावर म्हणजे आतच ना हो!" ती किंचाळली. पण आम्हा दोघांना तिसऱ्या कोणाला तरी सांगायचं होतं.

नाक ओढून तिने विचारलं, "सोमवारी मी येऊ? वर्गाला?"

"ये. पण सात म्हणजे सात," मी म्हणालो, आणि माझा आवाज इतका चढला होता की रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. "उशिरा आलीस तर दाराबाहेर उभी करीन. शिक्षक आहे मी आता!"