न दिसणारी अक्षरं

तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं. पासवर्ड चुकीचा. स्वतःच्याच घराचं दार वाजवावं आणि आतून कुणी ‘कोण हवंय?’ विचारावं, तसे काका त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिले.

“काका, झालं का?” रक्तपेढीतल्या ताई दारात उभ्या होत्या. अंगात पांढरा कोट, हातात जाड रजिस्टर. “वर बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाहीये. पिशव्या माझ्याकडे आहेत, पण कुठली तिला जुळली ते सगळं तुमच्या मशीनमध्ये. नव्याने तपासायचं तर पाऊण तास जाईल.”

“सुरू करून ठेवा. मी बघतोच आहे.”

“सुरू केलंय हो. पण पाऊण तास आहे का तिच्याकडे?”

हॉस्पिटलात सगळेच त्यांना काका म्हणत. अकरा वर्षं इथला सर्व्हर त्यांच्या एकट्याच्या ताब्यात होता. दुपारी वीज गेली आणि आली; सर्व्हर उठला, पण नेटवर्क काही उठेना. त्यामुळे दुसऱ्या संगणकावरून आत शिरायची सोय उरली नव्हती. या बिनखिडकीच्या खोलीत, थेट सर्व्हरच्या कीबोर्डावर बसून मुख्य पासवर्ड द्यायचा, एवढा एकच रस्ता. आणि तीन चुका झाल्या की सर्व्हरने दहा मिनिटं कुणाचंच ऐकायचं नाही, हा नियमही काकांनीच घालून ठेवलेला.

मागे पंखे घोंघावत होते. काकांनी कॅप्स लॉकचा दिवा पाहिला, बंद होता. कपाटातून दुसरा कीबोर्ड काढून जोडला. मग त्यांच्या डोक्यात नको तो किडा वळवळला. आपल्या आजारपणात कुणी परस्पर पासवर्ड बदलला तर नाही? त्यांनी हॉस्पिटलचा कारभार बघणाऱ्या साहेबांना फोन लावला.

“साहेब, मला काढायचं असेल तर तोंडावर सांगा. गुपचूप कुलूप कशाला बदलता?”

पलीकडून साहेब म्हणाले, “अहो, तो तुमच्याशिवाय माहीत कुणाला आहे? कितीदा म्हटलं, कुठेतरी लिहून ठेवा. तुम्हीच हसण्यावारी नेलंत.”

फोन ठेवताना काकांचे कान तापले होते. खरं तर पासवर्ड त्यांच्या डोक्यात नव्हताच, तो बोटांत होता. सोळा अक्षरं बोटं आपसूक मारत. तोंडी विचारला असता तर ते अडखळले असते. आणि तो लिहिताना पडद्यावर काही उमटत नाही. साधं टिंबसुद्धा नाही.

उमटत नाही, तर मग जिथे उमटतं तिथे लिहून बघू.

“ताई, जरा बाहेर थांबता? दार ओढून घ्या.”

दहा मिनिटं सरली. पडद्याने आधी नाव विचारलं. नाव लिहिलेलं दिसतं. त्याच जागी काकांनी नेहमीच्या वेगाने पासवर्ड मारला आणि पाहिलं.

सोळाच्या जागी चौदा अक्षरं. मोठा एम लहान उमटला होता. झेड दोनदा हवा होता, तो एकदाही नव्हता.

शिफ्ट आणि झेड, दोन्ही एकाच बोटाचं काम. डाव्या करंगळीचं.

त्यांनी ओळ पुसून पुन्हा मारली, या वेळी बोटाकडे बघत. करंगळी कळीवर टेकली होती. आपण दाबली असंच त्यांना वाटलं. कळ जागची हलली नव्हती.

मेंदूतल्या गुठळीने दोन महिने घरी बसवल्यावर, तीन आठवड्यांपूर्वी ते कामावर परतले होते. ‘माझी बोटं दाबा’ म्हणणाऱ्या डॉक्टरांची बोटं त्यांनी बाकीच्या बोटांच्या जोरावर अशी आवळली की डॉक्टर हसले. घरी बायको रोज विचारी, “हाताला कळतंय ना सगळं?” “अगं, पहिल्यासारखा झालाय.” टेबलावर काम करताना अक्षर गळलं की डोळ्यांना दिसे आणि उजवा हात निमूटपणे ते भरून काढी. कीबोर्ड जुना झालाय, असं त्यांनी स्वतःलाही पटवलं होतं. ते दोन महिने कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. पुन्हा त्या पलंगावर, पुन्हा कुणीतरी पाणी आणून देण्याची वाट बघत?

दारावर थाप पडली. “काका!”

त्यांनी ओळ पुसली, नाव दिलं. मग मोठ्या अक्षरापुरती डाव्या हाताची मूठ शिफ्टवर दाबून धरत, उजव्या हाताच्या एका बोटाने, ओठांतल्या ओठांत पुटपुटत, एकेक अक्षर मारत गेले. सर्व्हरचं दार उघडलं. नेटवर्क चालू करायला मिनिटही लागलं नाही.

“आली, यादी आली!” बोळातून ताईंचा आवाज आला, आणि पाठोपाठ धावत्या पावलांचा.

तासाभराने साहेब खाली आले. “बाई सावरली,” ते म्हणाले. “तुम्ही फोनवर बोललात ते मी विसरलो.”

“तुम्ही विसरा. मला नाही विसरता येणार.” काकांनी टेबलावरचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. “लिहून घ्या, साहेब. मी सांगतो.”

सोळा अक्षरं त्यांनी सावकाश, मोठ्याने सांगितली. साहेबांनी कागद पाकिटात घालून ते चिकटवलं.

“आणखी एक. माझा हात बरा झालेला नाही. डॉक्टरांना मी फसवलं. उद्या पुन्हा तपासायला जातो, मग ते काय लिहायचं ते लिहोत.”

साहेबांनी पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. पाकिटाच्या जोडावर सही हवी होती. काकांनी पेन टेकवलं तसं गुळगुळीत पाकीट सरकलं. त्यांनी डावा हात त्यावर ठेवला, तरी ते सरकलंच.

साहेबांनी पुढे होऊन पाकिटाचा कोपरा एका बोटाने दाबून धरला. काकांनी सही केली. पूर्ण नाव, खाली तारीख.