उसातली वाट

सोमवार. वायफायची वायर घेऊन आलेला माणूस उसाच्या बांधावरच थांबला.

“वैनी, ऊस तुटल्याबिगर खांब रोवता येत न्हाई.”

“तोडणीची टोळी माघात येणार. तवर?”

“तवर दादांचा आवाजच ऐका की!”

आवाज रोजच होता, रेंजसाठी टेकडीवर चढून. पण नवरा वीरधवल सीमेवर जाऊन आठ महिने झाले होते. राजेश्वरीला त्याचा चेहरा बघायचा होता.

मंगळवार. तिनं कोयता घेतला. सुट्टीत त्यानंच लावलेल्या उसाच्या दोन सऱ्या कापून खांबांना वाट केली.

शनिवार. मोबाइलवर वीरधवल दिसला. वाळला होता. ती बघतच राहिली.

“आधी माझा ऊस दाखव की गं!”

दारातूनच तिनं मोबाइलचा पडदा न कापलेल्या उसाकडं वळवला. त्याचा चेहरा पुन्हा दिसेनासा झाला.