काढलेले छर्रे

सुनेच्या टेबलावरची डबी पाहिली आणि सासूबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या.

प्रेक्षकांच्या काचेपलीकडे सून जेमतेम चार हातांवर उभी होती. अंगात ताठ जाकीट, पायात सपाट तळाचे बूट, खांद्याला एअर रायफल. शेजारी छर्‍यांची डबी उघडी होती आणि झाकणावरच्या पट्टीवर सासूबाईंच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : काढलेले.

म्हणजे टाकायचे.

सासूबाईंनी एकतीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर घालवली होती. पोलादी कडी हातात घ्यायची, भिंगाखाली धरायची, रेघ दिसली की लाल खोक्यात. तिथे त्यांना मागून ‘गाळणी’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. निवृत्तीनंतर घरात गाळण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी सुनेचे छर्रे धरले.

त्याआधीचं काम सुनेनं चोख केलं होतं. रायफल शिकंज्यात आवळून पाच लॉटचे छर्रे दहा-दहा मारून पाहिले होते आणि ज्याची भोकं एकात एक बसली तो चपट्या डोक्याचा लॉट घेतला होता. नळीला मानवतो तो छर्रा आपला, हे ती दारी येणार्‍या प्रत्येकाला ऐकवायची. मग त्या लॉटमधला एकेक छर्रा सासूबाईंच्या भिंगाखालून जायचा. डोकं चेपलंय का, मागचा पोकळ घेर वाकलाय का, अंगावर रेघ आहे का. शंभरातले वीस तरी बाजूला पडायचे.

“आई, एवढे कसे वाईट निघतात हो?” सून विचारायची.

“तुला दिसत नाहीत म्हणून बरे वाटतात.”

चांगल्यांची डबी कोरीच असायची आणि ती त्या स्वतः सुनेच्या हातात द्यायच्या. आज सून लवकर निघाली, बॅग तिनंच भरली. तांदूळ निवडणार्‍या बाईच्या लेखी काढलेले म्हणजे खडे. नेमबाजाच्या लेखी काढलेले म्हणजे हजारातून वेचून काढलेले. पट्टी वाचून पोरगी खूश झाली असणार, आणि तीच डबी घेऊन आली असणार.

काचेवर टकटक करावी तर पंच सुनेलाच तंबी देतील. सासूबाई बसून राहिल्या. पडद्यावर आकडे येत होते. दहा पूर्णांक चार. दहा पूर्णांक सहा. पुन्हा तेच. टाकायचे छर्रे एकामागून एक मधल्या ठिपक्यात जात होते. चुकत असते तर त्यांना वाईट वाटलं असतं. हे मात्र त्यांना कळेचना. साठ गोळ्या संपल्या तेव्हा सुनेची बेरीज तिच्या आजवरच्या कुठल्याही बेरजेपेक्षा मोठी होती.

अंतिम फेरी तासाभरानं होती. त्यात पहिल्या दोघींत आली तर संघात जागा, नाहीतर पुन्हा वर्षभर घरच्या गच्चीवर सराव. सून घामानं निथळत बाहेर आली आणि डबी सासूबाईंच्या मांडीवर ठेवली.

“आई, कमाल आहे तुमची. आता यातलेच तीस वेचून द्या. तुमच्या हातचे.”

सांगावं तर पोरीचा हात कापायला लागेल, न सांगावं तर एखादा वाकडा छर्रा तिची जागा घालवेल. एकतीस वर्षांत एक नग डोळेझाक करून सोडला नव्हता, आणि आज वाईटातले त्यातल्या त्यात बरे शोधायची पाळी आली. त्यांनी पर्समधून भिंग काढलं.

पहिल्या छर्‍यावर रेघ. दुसर्‍यावर रेघ. तिसर्‍यावरही, आणि अगदी त्याच जागी, उजवीकडे तिरपी. घरी पिवळ्या दिव्याखाली, काळ्या कापडावर ती कधी दिसायची, कधी नाही. इथे छतभर पांढरे दिवे होते. त्यांनी छर्रा बोटांत फिरवला. छर्रा फिरला, रेघ फिरली नाही.

भिंग पदरानं पुसलं. रेघ तिथेच. भिंग खाली ठेवून त्यांनी समोरच्या पांढर्‍या भिंतीकडे पाहिलं, तर भिंतीवरही रेघ होती. उजवा डोळा हातानं झाकला. भिंत कोरी झाली.

तपासणी त्या कायम उजव्या डोळ्यानं करत आल्या होत्या.

“झाले का हो?”

“सगळे चांगले आहेत,” सासूबाई म्हणाल्या. “उचल कुठलेही.”

सुनेला ते कौतुक वाटलं. ती हसत आत गेली.

अंतिम फेरीत टाळ्या केव्हा वाजल्या, कोणासाठी वाजल्या, सासूबाईंना कळलं नाही. त्या मागे मागे मोजत होत्या. रेघ कधीपासून दिसते? निवृत्तीच्या आधीच्या वर्षापासून. त्या वर्षी एकाच ग्राइंडरवाल्याचा माल लाल खोक्यात जात होता. त्याचा हात सगळ्यांत साफ, कडी आरशासारखी चकचकीत, म्हणून रेघही त्याच्याच मालावर उठून दिसायची. एकदा तो टेबलाशी येऊन उभा राहिला होता. “बाई, भिंग द्या ना जरा. मलाही बघू द्या रेघ.” त्यावर त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, “तेवढी नजर असती तर तू या खुर्चीत बसला असतास.” लोक हसले होते. महिन्याभरात त्याला घरी बसवलं.

सून धावत आली आणि तिनं गळ्यात हात टाकले. “आई, दुसरी आले. संघात आहे मी.” मग जरा मागे होऊन तिनं पाहिलं. “तुम्ही रडताय?”

“डबी चुकीची आणलीस तू. ते मी टाकायला काढले होते.”

सून पांढरी पडली. “म्हणजे? मी खराब छर्‍यांनी मारलं?”

“खराब नव्हते गं. एकही खराब नव्हता. माझ्या डोळ्यात रेघ आहे.”

सून शेजारी बसली. पहिल्यांदा तिला हसू आलं, मग सासूबाईंचा चेहरा पाहून ते जागच्या जागी विरलं. “आपण उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. होईल बरं. छर्‍यांचं काय एवढं, आई?”

“छर्‍यांचं नाही.” सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला. “कोपर्‍यावरच्या दवाखान्याच्या गाडीतळावर आमच्या कारखान्यातला एक माणूस बसतो बघ, चिठ्ठ्या फाडून देतो. आधी त्याच्याकडे चल.”

“ते काका? ते तर तुम्ही दिसलात की उठून उभे राहतात.”

“हो,” सासूबाई म्हणाल्या. “अजूनही उठतो.”