कॉफी येईपर्यंत

राजदूताची बायको म्हणून नव्या घरी आल्यावर बाईसाहेबांना जेवणाच्या टेबलाचा एक नियम पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आला होता. यजमानीण उठली की सगळ्या पाहुण्यांनी उठायचं, मग ताटात काहीही राहिलेलं असो. म्हणून कॉफी येईपर्यंत यजमानिणीनं जागचं हलायचं नाही.

"म्हणजे शिंक आली तरी परवानगी काढू?" त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं.

"शिंकेला हरकत नाही. उभ्यानं देऊ नकोस म्हणजे झालं."

तेव्हा दोघंही हसले होते.

नवरा मूळचा जनरल. सैन्यात त्यांना 'खुंटा' म्हणत. एकदा रोवला की हलायचं नाव नाही. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात सीमेवरची बोडकी टेकडी त्यांनीच जिंकली. ती जिंकताना पुढच्या तुकडीतली सगळी पोरं गेली आणि त्यांना तिथंच, वरच्या सपाटीवर, मातीआड करावं लागलं. त्या तुकडीत जनरलांचा एकुलता एक मुलगाही होता.

युद्ध थांबलं ते दोन्ही बाजू दमल्या म्हणून. तह काही झाला नाही. पुढं जनरल निवृत्त झाले आणि सरकारनं त्यांना त्याच शत्रूच्या देशात राजदूत म्हणून धाडलं. ज्यांच्यावर तोफा डागल्या त्यांच्याशी आता गोडीगुलाबीनं बोलायचं होतं. गणवेश पेटीत गेला, काळा कोट अंगावर आला. एका शब्दात 'नाही' म्हणणारा माणूस तेवढ्यासाठी तीन लांब वाक्यं वापरू लागला. बाई म्हणायच्या, "अहो, चहा हवाय की नको ते तरी सरळ सांगा."

आणि आता तह तयार होता. दोन्हीकडचे कैदी घरी जाणार होते आणि त्या बदल्यात टेकडी त्या देशाला परत मिळणार होती. आज दुपारच्या जेवणानंतर सह्या झाल्या की टेकडीला कायमचं कुंपण पडणार, मग कुणालाच वर जाता येणार नव्हतं.

बाईंचं एकच मागणं होतं. त्याआधी माझ्या भिंगरीला खाली आणा.

भिंगरी हे मुलाचं घरातलं नाव. लहानपणी तो ताटावर स्थिर म्हणून बसला नाही. दोन घास खाल्ले की दारात, परत एक घास, की खिडकीत. बाप दटावायचा, "सगळ्यांचं होईपर्यंत उठायचं नाही." की हा तोंडात घास धरून खुर्चीतच फिरत राहायचा.

"विषय काढलाय मी," जनरल गेले कित्येक महिने सांगत होते. "वरचे सुरुंग त्यांचे, मोकळी वाट त्यांनाच ठाऊक. ते तयार होत नाहीत. बघू." या 'बघू'वर बाईंनी दिवस काढले होते. आज मात्र त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की जेवणाला येणाऱ्या प्रमुख पाहुण्याला आपणच विचारायचं.

प्रमुख पाहुणा यजमानिणीच्या उजव्या हाताला बसतो. तो त्या देशाच्या वाटाघाटींचा प्रमुख, एके काळचा सेनापती, पांढऱ्या मिशांचा, हळू बोलणारा म्हातारा होता. दोघांच्या मागे स्टुलावर दुभाषी बसला होता. त्याच्यापुढं ताट नव्हतं.

"तुम्ही काय आमच्या गप्पांवरच पोट भरता?" बाईंनी विचारलं.

"मी घरून जेवून येतो, बाईसाहेब. माझ्या तोंडात घास असला की दोन देशांत गैरसमज होतो."

पाहुण्याला हे सांगितल्यावर तोही हसला. सूप झालं, मासा आला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जनरल कुणाला तरी हवामानाबद्दल सांगत होते. बाईंनी काटा-चमचा खाली ठेवला.

"त्यांना विचारा, माझा मुलगा टेकडीवर आहे. मला तो न्यायचा आहे. एवढं मोठं मन तुम्हाला का दाखवता येत नाही?"

दुभाष्यानं विचारलं. पाहुण्याच्या कपाळाला आठी पडली. तो बराच वेळ बोलला. दुभाषी मात्र आपल्या बुटांकडे पाहत राहिला.

"बोला ना."

"बाईसाहेब, ते... कॉफीनंतर सांगू का?"

"आत्ता सांगा. जसं बोलले तसं."

दुभाष्यानं स्टूल पुढं ओढलं. "ते म्हणतात, पहिल्याच बैठकीत मी तुमच्या यजमानांना म्हणालो होतो, तुमचा मुलगा घेऊन जा. सपाटी आमच्या सुरुंगांनी भरली आहे. सगळ्यांना काढणं आमच्या हातात नाही, पण एका जागेपर्यंत वाट मोकळी करून देतो. मीही बाप आहे. तुमचे यजमान नाही म्हणाले. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

बाईंचे हात टेबलाच्या कडेवर गेले. एवढं उठायचं, की सगळे उठले असते. पाहुणे अपमान समजून निघून गेले असते, सही राहिली असती, टेकडी राहिली असती. आणि सीमेवर बसमध्ये बसलेली कुणाकुणाची पोरं परत छावणीत गेली असती.

जनरलांनी टेबलाच्या त्या टोकावरून पाहिलं. त्यांचं बोलणं मध्येच तुटलं.

गोड आलं. बाईंनी ते चमच्या-चमच्यानं संपवलं. चव कसली होती, ते त्यांना पुढं कधी आठवलं नाही. कॉफी आली. सगळे त्यांच्या उठण्याची वाट पाहू लागले. त्या बसूनच राहिल्या. कुणीतरी खाकरलं. जनरलांनी मान खाली घातली.

मग बाई उठल्या, आणि खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज झाला.

सह्या करून जनरल परतले तेव्हा बाई पुन्हा आपल्या जागी येऊन बसल्या होत्या. टेबल आवरलेलं नव्हतं. जनरल पाहुण्याच्या खुर्चीत टेकले.

"त्याच्या दोन्ही बाजूंना कोण आहे, मला माहीत आहे," ते म्हणाले. "मीच पाठवलं होतं त्यांना वर. त्यांच्या आयांना काय सांगू? माझा तेवढा घेऊन आलो?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तू 'आणा' म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"आणि मी आणला असता गं."

जनरलांच्या खांद्यांना कंप सुटला होता. बाईंनी ते पाहिलं, पण हात पुढं केला नाही.

"कधी बसायचा नाही मेला," त्या म्हणाल्या. "आता बसलाय. सगळ्यांबरोबर."

टेबल आवरायला आलेला माणूस दारातूनच मागे फिरला. बाई उठल्या नाहीत, म्हणून जनरलही उठले नाहीत.