खुर्चीवरून खाली उतरलो त्याची गोष्ट

मी एक बूट बोलतोय. डाव्या पायाचा. उजवा माझा जुळा भाऊ, शेजारीच आहे, पण तो जन्मापासून अबोल. त्यामुळे घराण्याची हकिकत मलाच सांगावी लागते.

जन्म माझा व्हिएतनामच्या कारखान्यातला आणि वाढलो डेन्मार्कमध्ये. तिथं इंगा नावाच्या उंचनिंच मुलीने मला हँडबॉल खेळायला विकत घेतलं. खेळायचं ते छपराखाली, आरशासारख्या फरशीवर. मातीचा मला वाससुद्धा माहीत नव्हता आणि या गोष्टीची मला फार घमेंड होती. ती कशी जिरली, तेच सांगतो.

इंगा पवनचक्क्या दुरुस्त करते. कंपनीने तिला वर्षभरासाठी मांजरसुंब्याच्या डोंगरावर धाडलं. राहायची सोय नेकनूरला, इसाकभाईंच्या घरातल्या माडीवर. इसाकभाई कंपनीची जीप चालवतात. दिवसभर इंगा चक्कीच्या टोकावर आणि संध्याकाळी खोलीत एकटी. मग ती मला पायात घालायची आणि भिंतीवर चेंडू आपटत बसायची. खाली इसाकभाईंच्या बायकोला, अमीरबींना वाटायचं, वर कुणी मसाला कुटतंय.

शेवटी त्यांची मुलगी उज्मा वर आली. गावच्या पोरींच्या कबड्डी संघाची ती कप्तान.

"म्याडम, भिंतीचे पोपडे पडायलेत," ती अदबीने म्हणाली. "त्यापरीस ग्राउंडवर चला आमच्यासंगं."

इंगा एका दमात चार पायऱ्या उतरली.

शाळेचं ग्राउंड मातीचं. आत अनवाणीच जायचं. लिंबाच्या झाडाखाली साऱ्यांच्या चपलांचा ढीग पडलेला, कुणाची कुठली ते चपलांनाही सांगता येऊ नये असा. मला तिथं सोडणार या विचाराने माझी नाडीच ताठ झाली. पण शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सारजाबाई पुढे आल्या. दोन्ही हातांनी मला उचललं, पदराने पुसलं आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवलं.

"पाव्हणीची चीज हाय," त्या म्हणाल्या. "हरवली तर गावाची अब्रू जाईल."

मला काय भारी वाटलं म्हणून सांगू! खाली त्या फाटक्या चपला आणि वर मी.

पण खुर्चीवरून मैदान लख्ख दिसतं, ही तिची वाईट खोड. इंगा चढाईला निघाली की पोरी आदराने बाजूला सरकायच्या. तिने हात लावला की बाद झालेलीच म्हणायची, "शाब्बास, म्याडम!" सत्यशीलाबाई शिकवायला होत्या, त्यांचा आवाज पार बसस्टँडपर्यंत जायचा. "संस्कृती, झोपलीस का गं? पाय धर, हवा काय धरतीस!" आणि इंगाकडे वळल्या की तोच आवाज साखरेत घोळून यायचा. "छान हं. पाणी देऊ का तुम्हाला?"

असे कितीतरी दिवस गेले. एका संध्याकाळी इंगा माझी नाडी सोडायला जिन्यावर बसली ती बसूनच राहिली. मराठी ती जीपमध्ये शिकलेली, तशाच मोडक्या मराठीत तिने इसाकभाईंना विचारलं, "मी खूप वाईट खेळते का? मला कुणी ओरडत नाही."

"अवो, तुमी पाव्हण्या," इसाकभाई हसले. "पाव्हण्याला कोन पाडतंय?"

"माझ्या टीममध्ये मला रोज पाडायचे," ती म्हणाली. नांदायला गेलेली मुलगी माहेरचं सांगते ना, तसं म्हणाली. मला त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीची लाज वाटली.

मग पाली गावाशी सामना ठरला, तोही पालीत. खेळ सुरू व्हायच्या आधीच तिथल्या सरपंचांनी, अर्जुनरावांनी इंगाला शाल घातली, नारळ दिला, आणि परदेश, पवनचक्की, स्त्रीशक्ती असं सगळं एका भाषणात कोंबलं. टाळ्या झाल्या. मला इथंही खुर्ची मिळाली, वर रुमाल अंथरलेला.

पण सत्काराचा परिणाम असा झाला की पालीच्या पोरीही तिला धरेनात. आत्ता जिला शाल घातली तिला मातीत कसं लोळवायचं? इंगा जायची, दोघींना हात लावून परत यायची. नेकनूरचे गुण चढत गेले. सत्यशीलाबाईंना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "तिलाच पाठवा! तिलाच!"

इंगाचं तोंड मात्र उतरत चाललं होतं. पुढच्या चढाईला ती मध्यरेषेवरच थांबली, कमरेवर हात ठेवले आणि पालीच्या पोरींकडे बघून सगळा जोर लावून ओरडली, "धरा की बे मला!"

'बे'! जीपमधल्या मेकॅनिक लोकांच्या तोंडचा शब्द, तोही सरपंचासमोर, तोही सत्कारमूर्तीच्या तोंडून! इसाकभाईंनी टोपी डोळ्यांवर ओढली. अर्जुनराव नारळासारखे निश्चल झाले.

आणि पालीची कप्तान मोहिनी खदाखदा हसली. तिने वेणी घट्ट बांधली. "ऐकलं न्हवं? धरा गं हिला!"

चौघी तुटून पडल्या. धुरळा उठला, आणि खाली बसला तेव्हा इंगा तळाशी होती. ओठ फुटलेला, केसांत पाली गावाची निम्मी माती. आणि हसत होती! इकडे आल्यापासून ती इतकी हसलेली मी पाहिली नव्हती. त्यानंतर पालीने कुणाचीच भीड ठेवली नाही. आम्ही एका गुणाने हरलो.

परतीच्या घाईत कुणीतरी मला इतर चपलांसकट जीपमध्ये भिरकावलं. मी संस्कृतीच्या सँडलखाली उताणा पडलो आणि वरचा तमाशा ऐकत राहिलो. उज्मा कडाडत होती.

"अक्कल हाय का तुला? फुकटचे गुण मिळायलते! कुनी सांगितलं तुला त्यांना डिवचायला? आन वरून हसायलीस कावून? हरलो न्हवं आपुन!"

"आणखी ओरड," इंगा म्हणाली.

उज्माने तिच्या फुटक्या ओठाकडे पाहिलं. मग तिला आपण 'म्याडम' म्हणायला आणि 'तुमी' म्हणायला विसरलो हे कळलं असावं, कारण ती हळूच म्हणाली, "लई लागलं का गं?" आणि आपल्या ओढणीने तिचा ओठ टिपला. मग पुन्हा ओरडायला लागली, मांजरसुंबा येईपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून माझी खुर्ची गेली. "चपला तिकडं काढ," सारजाबाई इंगाला म्हणाल्या, "आन येताना पान्याचा हंडा घिऊन ये." मी ढिगात पडलो. आता कुणाला नळावर जायचं असलं की जो जोडा वर सापडेल त्यात पाय घुसतो, तसा माझ्यातही घुसतो. सगळ्यांना मी मोठा होतो, म्हणून टाच दाबून फटक फटक ओढत नेतात. टाच पार चेपलीय माझी. एकदा कुत्र्याने लिंबाच्या पलीकडे नेलं, तर अख्खा संघ शोधायला निघाला. खुर्चीवर असताना मला कुणी शोधलं नव्हतं.

कालच पालीचा संघ नेकनूरला आला. आमच्या सरपंचांनीही शाल आणली होती. त्यांनी विचारलं, "परदेशी पाव्हण्या कुठं बसल्यात?"

"पाव्हण्या ह्या समोर, पालीच्या," उज्मा म्हणाली. "शाल त्यांच्या कप्तानाला घाला. इंगा आमची गडी हाय."

आणि इंगा? ती शाळेतून खुर्च्या आणत होती. एक तिने मोहिनीपुढे मांडली, ओंजळीने धूळ झटकली आणि म्हणाली, "बसा, पाहुण्या."

तेव्हा वाचकहो, एवढीच विनवणी. इकडे आलात तर चपला खुशाल माझ्या अंगावर काढा. नळावर जायचं असेल तर मला पायातही घाला. फक्त पुसूनबिसून खुर्चीवर ठेवू नका. तिथून खाली उतरायला आम्हाला फार दिवस लागले.

आणि हो, काल चहा झाल्यावर मोहिनी पहिल्याच चढाईला आली. तिला इंगानेच धरलं. चांगलं आडवं पाडून धरलं.